भाद्रपदातली नानकटाई

आमच्या घरी दिवाळीचं बाकी सगळं आईचं आणि नानकटाई तेवढी बाबांची. मळायची आईच, वळायचीही आईच, पण भट्टीवर न्यायची बाबांनी. आणि त्या कामाचा तोरा एवढा, की ऐकणाऱ्याला वाटावं मैदा, तूप, साखर हे नुसतं निमित्त, नानकटाई होते ती भट्टीतच. बाबा रोह्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. आच काय असते ते आपल्याला कळतं आणि उरलेल्या जगाला कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. भाकरी भाजणाऱ्या आईलाही ते चुलीबद्दल सांगायला जायचे. आई म्हणायची, भाजते मी, तुम्ही खायचं काम करा.

भट्टी म्हसळ्याच्या बाजारात. आमच्या गावापासून रिक्षाने अर्धा तास. एरवी ती पावाची बेकरी, पण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आसपासच्या गावांतली माणसं घरी वळलेल्या नानकटाया डब्यांत भरून तिथे घेऊन येतात. बेकरीवाले चाचा काळे पडलेले चौकोनी पत्रे देतात. त्यांवर आपण आपल्या नानकटाया मांडायच्या आणि नंबर लावून बसायचं. एका वेळी चार-पाच घरांचे पत्रे आत जातात, म्हणून प्रत्येक घराची काहीतरी खूण. कोणी चारोळी लावतं, कोणी काट्याने रेघा ओढतं. आमची खूण म्हणजे आईच्या अंगठ्याचा खळगा आणि त्यात चिमूटभर जायफळ.

बाबा तिथे पहाटेच जाऊन बसायचे, पण पत्रे लगेच आत घालू द्यायचे नाहीत. पहाटेचा पाव निघाला की भट्टी लालबुंद असते. त्यात नानकटाई घातली तर खालून करपते आणि आतून कच्ची राहते. तासभर थांबायचं, आच बसू द्यायची, मग घालायची. लोकांना घाई असायची, दुसऱ्यांचे पत्रे पुढे जायचे, बाबा हलायचे नाहीत. चाचा आणि ते बाकड्यावर चहा पीत आचेवर बोलत बसायचे. लहानपणी मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेले आहे आणि इतकी कंटाळले आहे की पुन्हा गेले नाही.

आमच्या बाजूला बाहेरगावची माणसं घरी येतात ती गणपतीला. दिवाळीचं एवढं नसतं. पण आमचे गणपती मोठ्या काकांकडे, मूळ घरात बसतात. तिथे बाबा धाकटे. आरतीला मागे उभे राहायचे आणि पंगत वाढायला पुढे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्यावर आपली तिन्ही पोरं त्यांना एकत्र बघायला मिळायची ती भाऊबीजेला. दादा वापीला एका कंपनीत, मी पनवेलला, धाकटी पालीला दिलेली. वर्षातून त्या एका दिवशी आम्ही तिघं आपापली बिऱ्हाडं घेऊन गावी यायचो, असा नियम कोणी केला नव्हता, पण मोडलाही नव्हता. बाबा काही बोलायचे नाहीत. नुसता डबा मांडीवर घेऊन बसायचे आणि येईल त्याच्या हातावर दोन-दोन नानकटाया ठेवायचे. जावयांना तीन.

चार वर्षांपूर्वी गणपती गेले आणि बाबांचे डोळे पिवळे दिसायला लागले. गावात सगळ्यांनी कावीळ ठरवून टाकली. मी पनवेलच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या विभागात काम करते, त्यामुळे बाबांचा रिपोर्ट घरात सगळ्यांच्या आधी मी वाचला. पुढच्या तपासण्या होईपर्यंत मी कोणाला काही बोलले नाही. मग मोठ्या डॉक्टरांनी दादाला आणि मला बाजूला घेतलं. पोटात खोलवर गाठ होती. कापून काढण्यासारखी नव्हती. दादाने किती दिवस म्हणून विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दसरा बघतील, दिवाळीचं मी सांगत नाही.

बाबांना आम्ही लिव्हरला सूज आहे म्हणून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पथ्य काय ते विचारलं.

पुढचं सगळं मी ठरवलं. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर आमच्यात ‘आपण ठरवलं’ असं म्हणायची पद्धत पडली. मी ठरवलं की दिवाळीची वाट बघायची नाही. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं त्या घरात वर्षभर सण नसतो. कढई चढत नाही, कंदील लागत नाही. शेजारपाजारचे, सोयरे फराळाची ताटं आणून देतात ती घ्यायची. म्हणजे बाबा दसऱ्याच्या आसपास गेले असते तर यंदाची दिवाळी गेलीच होती. त्यांची भाऊबीज मागच्या वर्षीच शेवटची झाली होती, आणि ते कोणालाच माहीत नव्हतं, हा विचार मला सहन होईना. तेव्हा येत्या शनिवार-रविवारी सगळ्यांनी गावी यायचं, फराळ करायचा, भाऊबीज करायची. नुसतं जमलो तर आजाऱ्याला बघायला आल्यासारखं होईल, म्हणून दिवाळीच करायची.

त्या शनिवार-रविवारी पितृपक्ष होता.

आई ऐकेना. पितरांच्या पंधरवड्यात कोणी साधा दागिना घेत नाही, आणि तू दिवाळी करायला निघालीस, म्हणाली. मी नेहमीच्या फटकळपणाने म्हटलं, पितर काय परके आहेत का, त्यांनाही नानकटाई आवडेल. एरवी ती हसली असती, नाहीतर तिने मला एक शिवी दिली असती.

“तू त्यांना आताच पितरांत बसवतेस, बाय,” ती म्हणाली.

मला राग आला. रडू यायच्या ऐवजी मला राग येतो, ही माझी जुनी खोड. मी तिला म्हटलं की तुला दुसरा मुहूर्त माहीत असेल तर सांग. ती उठून आत गेली. थोड्या वेळाने आतून मैद्याचा डबा खाली घेतल्याचा आवाज आला.

बाबांना काय सांगायचं तेही मीच ठरवलं. दादाच्या कंपनीत दिवाळीत शटडाऊन आहे, तपासणीसाठी बॉयलर उघडणार आहेत, त्याला सुट्टी नाही. माझी दवाखान्यात भाऊबीजेला ड्युटी लागली आहे. धाकटीच्या नणंदेची लग्नानंतरची पहिली दिवाळी, जावई येणार, धाकटीला सासरहून निघता येणार नाही. तिघांनाही तेव्हा जमणार नाही म्हणून आताच. मला ही कारणं फार हुशारीची वाटली होती. शटडाऊनचं तर खासच, कारण दिवाळीत बॉयलर उघडतात हे बाबांना स्वतःला माहीत होतं. नोकरीत असताना त्यांच्याही कितीतरी दिवाळ्या त्यात गेल्या होत्या. त्यांनी दादाला विचारलं, किती दिवसांचं आहे शटडाऊन. दादा म्हणाला, आठ दिवसांचं. बाबा म्हणाले, मग नीट कर, घाई करू नको.

शनिवारी सकाळी आई परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन फेसायला बसली. नानकटाईचं सगळं कष्टाचं काम तेच. तळहाताने घासत राहायचं, ते पांढरं, हलकं होईपर्यंत. मग वाटीभर पाण्यात एक थेंब टाकून बघायचा. तरंगला तर झालं, बुडाला तर पुन्हा फेसा. पहिला थेंब बुडाला. दुसरा बुडाला. मी म्हटलं, दे इकडे, तर तिने परात आपल्याकडे ओढली. तिचे डोळे कोरडे होते, पण हात नेहमीसारखा चालत नव्हता. मध्येच थांबायचा, आणि ती परातीकडे बघत बसायची. आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, काय चाललंय. आई म्हणाली, काही नाही, तुम्ही पडा. तेवढ्यात मी जायफळ किसायला घेतलं आणि वास घरभर झाला. बाबांनी पुन्हा काही विचारलं नाही.

तिसऱ्या थेंबाला तूप तरंगलं. मैदा, थोडं बेसन, मूठभर रवा, वेलची. आईने गोळे वळले, प्रत्येकावर अंगठा दाबला, मी मागोमाग जायफळ भुरभुरवत गेले. दोन मोठे डबे भरले. एवढ्या कशाला म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, दरवर्षी एवढ्याच असतात.

डबे घेऊन दादा आणि मी गाडीने म्हसळ्याला गेलो. चाचांनी डब्याचं झाकण उघडून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. दिवाळीचे पत्रे अजून माळ्यावर होते. त्यांनी ते उतरवले, धूळ झटकली, ओल्या फडक्याने पुसले. मग विचारलं, बॉयलरवाले कुठे. चाचा बाबांना तेवढ्याच नावाने ओळखायचे. मी म्हटलं, कावीळ झालीय. त्यांनी ‘अल्ला’ एवढंच म्हटलं आणि आमच्या नानकटाया स्वतःच्या हाताने मांडायला घेतल्या.

पावाची दुसरी खेप नुकतीच निघाली होती. चाचा म्हणाले, तासभर बसा. मला बसायचं नव्हतं. धाकटी दुपारच्या आत येणार होती, कंदील लावायचे होते, रांगोळी, ओवाळणीचं ताट, सगळं माझ्या डोक्यात घड्याळासारखं चालू होतं. मी म्हटलं, घाला आताच. दादाही म्हणाला थांबूया, बाबा थांबतात. मी त्याला गप्प केलं. चाचांनी आणखी एकदा समजावलं, मग लांब दांड्याच्या लाकडी पट्ट्यावरून एक पत्रा आत सरकवला. दुसरा मात्र त्यांनी मागे ठेवला, माझं न ऐकता.

पहिला पत्रा बाहेर आला तेव्हा वरून सगळं छान दिसत होतं. उलटून पाहिलं तर खाली काळपट. मी त्या तशाच डब्यात खाली भरल्या आणि नंतरच्या चांगल्या वर लावल्या.

रविवारची ती दिवाळी चांगली झाली, असंच म्हणायला हवं. आईने सकाळी बाबांना उटणं लावून आंघोळ घातली. आम्ही दारात कंदील लावला. शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या, आईशी दोन शब्द बोलल्या आणि पदराने डोळे पुसत परत गेल्या. मी त्यांच्याकडे रागाने पाहिलं, कारण बाबा ओट्यावर बसले होते. धाकटीने आणि मी दादाला ओवाळलं. बाबांनी नवा शर्ट घातला होता, तो गळ्याशी दोन बोटं सैल होता. त्यांनी मांडीवर डबा घेतला आणि एकेकाच्या हातावर नानकटाया ठेवल्या. जावयांना तीन. माझा नवरा म्हणाला, बाबा, यंदा तरी दोनच द्या, वजन वाढलंय. सगळे हसले, बाबाही. पोरं ओट्यावरून उड्या मारत होती. दादाने फोटो काढले. त्या फोटोंत आम्ही सगळे फार खूश दिसतो.

मग बाबांनी डब्यात खोल हात घातला, एक नानकटाई काढली, उलटी केली आणि खालची बाजू बघितली. माझ्याकडे बघून म्हणाले, पाव निघाल्या निघाल्या घातलीस. मी म्हटलं, हो. त्यांनी ती खाल्ली. जेवण जात नव्हतं त्यांना, पण ती पूर्ण खाल्ली.

संध्याकाळी धाकटी निघाली, दादा गाडीत सामान भरत होता, आई आत होती. मी ओट्यावर बाबांजवळ बसले. समोर आमचं शेत. पाऊस नव्हता, पण बांधांवर पाणी होतं आणि भात हिरवंगार उभं होतं. दाणा धरायचा होता अजून. बाबा बराच वेळ तिकडे बघत होते.

“भात पोटरीत हाय अजून,” ते म्हणाले. “ह्या टायमाला दिवाळी कोनाकडं असते, बाय?”

मी म्हटलं, दादाला सुट्टी नाही ना बाबा.

“व्हय. शटडाऊन हाय.” मग म्हणाले, “तुझ्या आयशीला बोलू नको. तिला वाटतंय मला कळलं न्हाय.”

त्यांचा हात हातात घ्यायला हवा होता, तो घेतला नाही. दादाने हॉर्न वाजवला तेव्हा मी उठले, त्यांच्या पाया पडले आणि गाडीत जाऊन बसले. माणगावपर्यंत दादा बोलत होता, की किती बरं झालं आपण हे केलं, बाबांना काही संशय आला नाही. मी खिडकीकडे तोंड करून हूं हूं करत होते.

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर नवऱ्यालासुद्धा नीट सांगितलेलं नाही.

दसरा आला आणि बाबा होते. नवरात्रात पनवेलला त्यांच्या पित्तनळीत एक बारीक नळी घातली, त्याने कावीळ उतरली. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, दोन घास जायला लागले. डॉक्टर म्हणाले, हे काही दिवसांचं आहे, पण दिवस बरे जातील. ते गावी परत गेले. भात कापणीला आलं तेव्हा बाबा काठी घेऊन बांधापर्यंत जाऊन आले, असं आईने फोनवर सांगितलं. तिचा आवाज इतका आनंदी होता की मला धडकी भरली.

आणि दिवाळी आली. खरी. बाबा होते.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दादाचा फोन आला. म्हणाला, काय करायचं. सुट्टी तर आहे. पण आता गेलो तर ते विचारतील शटडाऊनचं काय झालं. मग स्वतःच म्हणाला, रद्द झालं म्हणून सांगू या का. मी म्हटलं, बॉयलरची तपासणी रद्द होत नाही, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तू गेलास, मी गेले, धाकटी गेली, तर त्यांना तिथल्या तिथे कळेल की भाद्रपदात आपण काय केलं आणि का केलं. दादा म्हणाला, तेही खरंच. धाकटीला मीच कळवलं.

बाबांना सगळं कळलेलं होतं आणि ते मला माहीत होतं. ‘दादा, त्यांना त्या दिवशीच कळलं, चल, जाऊ या,’ एवढं म्हटलं असतं तर दादा त्याच रात्री वापीहून निघाला असता. मी म्हटलं नाही. मी स्वतःला सांगितलं की बाबांनी शब्द घेतलाय. पण त्यांनी आईला सांगू नको म्हटलं होतं, दादाचं नाव घेतलं नव्हतं. मग स्वतःला सांगितलं की माझा बेत फसला हे कबूल करायला मला जड जातंय. तेही होतंच, एवढ्या सगळ्यांना दामटून, आईला दुखवून केलेला बेत. पण त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती. मी बाबांचा निरोप घेऊन मोकळी झाले होते. त्या रविवारी ओट्यावर बसून, पोरांच्या गोंधळात, मी मनातल्या मनात तो घेतला होता आणि त्यानंतर पंधरा दिवस मला झोप नव्हती. ते सगळं पुन्हा करायचं म्हटल्यावर माझ्या अंगात त्राणच उरलं नव्हतं. ते बरे आहेत, चालताहेत, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं मी म्हणत राहिले. नवरा म्हणाला, मी गाडी काढतो, दोन तासांची वाट आहे, जाऊन येऊ. मी त्याच्यावरच खेकसले.

भाऊबीजेला सकाळी आम्ही तिघांनी मिळून व्हिडिओ कॉल केला. बाबा फोन नेहमी नाकाशी धरायचे, त्यामुळे आम्हाला त्यांचं कपाळ आणि एक डोळा दिसत होता. दादाला म्हणाले, झालं का उघडून बॉयलर. दादा म्हणाला, अर्धं झालंय. मला म्हणाले, ड्युटीवर निघालीस का. मी म्हटलं, निघतेच आहे. धाकटीला नणंदेबद्दल विचारलं. मग म्हणाले, असू दे, आपली दिवाळी झालीच की. आणि फोन आईकडे दिला.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, सकाळी चहा झाल्यावर बाबा गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांना ओट्यावर आणून ठेवलं होतं.

पुढच्या वर्षीची दिवाळी वर्षश्राद्धाच्या आत पडली. घरात सण नव्हता. तरी आम्ही तिघं गावी गेलो. त्या वेळी कोणालाच काही अडचण आली नाही. शेजारच्या काकू, मोठ्या काकांकडची माणसं, चाचांच्या बेकरीतला माणूससुद्धा, सगळ्यांनी फराळ आणून दिला. भाऊबीजेला दुपारी दादा आणि धाकटी आत आडवे झाले होते. आई आणि मी ती ताटं रिकामी करून घासत होतो, परत करायची म्हणून. बेकरीतून आलेल्या पुड्यात नानकटाया होत्या. आईने एक उलटून पाहिली आणि हसली.

मग तिने सांगायला सुरुवात केली. तक्रार म्हणून नाही. बाबांचा एखादा वेडेपणा ती जशी सांगायची तशीच. मागच्या वर्षी, वसुबारसेला बाबांनी तिला नानकटाई मळायला लावली. ती म्हणाली, अवो, कोण येतंय खायला, आणि ती तर झालीय एकदा. ते ऐकेनात. एक पत्राभर तरी कर म्हणाले. तिने केली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते रिक्षा बोलवून डबा घेऊन स्वतः म्हसळ्याला गेले. ती बरोबर येते म्हणाली तर तिलाही नेलं नाही. चाचांच्या बाकड्यावर पाव निघेपर्यंत बसले, निघाल्यावर आणखी तासभर बसले, आणि ऊन वर आल्यावर परत आले. रिक्षावाल्याने त्यांना धरून ओट्यावर बसवलं. डबा मांडीवर होता. आई म्हणाली, एवढी सुरेख नानकटाई आमच्या घरात कधी झाली नव्हती, एकसारखी, खालून वरून एकच रंग.

मी विचारलं, मग खाल्ली कोणी.

कोणीच नाही, ती म्हणाली. डब्याला हात लावू दिला नाही त्यांनी. भाऊबीजेला आंघोळ करून, तो सैल शर्ट घालून, फोनवर तुमच्याशी बोलून झाल्यावर ओट्यावर डबा घेऊन बसले. रस्त्यावर गाडी हळू झाली की मान वर करायचे. जेवायला आत आले नाहीत, ताट बाहेर मागवलं. शेवटी, आई म्हणाली, मी त्यांना म्हटलं, अवो, पोरांना सुट्टी न्हाय, तुमच्याशीच बोलली ना सकाळी.

“ते म्हनले, ठाऊक हाय मला. पन सुट्टी ऐनवेळी बी मिळते कधीकधी.”

दिवे लागेपर्यंत बसले होते, आई म्हणाली. मग स्वतःच उठून शेजारी सगळ्या वाटून आले. आईने ताट पुसून उपडं ठेवलं. एक बरं, ती म्हणाली, त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही.

मी तिच्या हातातलं दुसरं ताट घेतलं आणि पुसायला लागले. त्या भाऊबीजेला मी पनवेलला घरीच होते. दुपारी जेवून झोपले होते. मला सुट्टी होती.